स्प्लेंडरचं हाफ इंजिन केलं, तरी कॉम्प्रेशन बसत नाही. ब्लॉक पुन्हा उतरवायचा का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

घरात वडिलांची जुनी स्प्लेंडर आहे, ९७.२ सीसीची. ऑइल खात होती, सकाळी सुरू केली की निळा धूर मारत होती, म्हणून हाफ इंजिन काम (क्रँक न खोलता वरचा ब्लॉक-हेडचा भाग नवा करणं) काढलं. ब्लॉकला बोअर मारून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवला. रिंगा नव्या, दोन्ही व्हॉल्व्ह नवे, व्हॉल्व्हच्या गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) नव्या ठोकून घेतल्या. सील, हेडचं आणि बेसचं पॅकिंग, टायमिंग चेन हेही सगळं नवं. कनेक्टिंग रॉडला खेळ नव्हता म्हणून क्रँकला हात लावला नाही. बोअरचं आणि हेडचं काम तालुक्याच्या लेथवर करून घेतलं, जोडणी मी आणि चुलतभावाने घरी केली.

आता किक पोकळ लागते, पायाखाली दमच येत नाही. थंड असताना धक्का मारून सुरू होते, पण स्लोवर टिकत नाही. गरम झाली की बंद पडते आणि मग धक्क्यालाही दाद देत नाही. करंट चांगला आहे, कार्बोरेटर धुतलाय. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ) लावला तर काटा ७० पीएसआयच्या पुढे जात नाही.

गॅरेजवाले दादा म्हणतात, रिंगा बसल्या नाहीत, ब्लॉक उतरवा, पुन्हा होन करा (बोअरची भिंत बारीक घासा) आणि दुसरा रिंग सेट टाका. पैसे आत्ताच घातलेत. ब्लॉक उतरवायच्या आधी आणखी काय काय बघून घ्यावं?

---

बुलेटवेडा

नव्या कामात कॉम्प्रेशन थोडं कमी असतंच. रिंगा बोअरला घासून बसायला काही शे किलोमीटर लागतात. हळू चालवा, लगेच खोलू नका.

---

निवृत्त_निदेशक

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

बुलेटवेडा म्हणतात ते काही अंशी बरोबर आहे. नव्या रिंगांमुळे आकडा थोडा कमी येतो, निम्मा येत नाही. चांगल्या अवस्थेतली स्प्लेंडर किकवर साधारण १४० ते १६० दाखवते असा माझा अनुभव आहे. ७० म्हणजे हवा कुठून तरी उघड उघड पळते आहे, किंवा गेज खोटं बोलतो आहे. गरम झाल्यावर जास्त त्रास होतो हेही लक्षात घ्या. ऑइल पातळ झालं की गळतीला आडोसा राहत नाही.

माझं सांगणं एकच आहे. हवा कुठून जाते ते कळेपर्यंत एकही नट सोडू नका. कॉम्प्रेशन गेज फक्त 'कमी आहे' एवढंच सांगतो, 'कुठून' ते सांगत नाही. नुसता आकडा बघून ब्लॉक उतरवणारा माणूस अंदाजाने पैसे घालत असतो. ब्लॉक उतरवला की चांगल्या बसत आलेल्या रिंगाही हलतात आणि दोन्ही पॅकिंगं वाया जातात.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. प्लग काढा, पण त्याला कॅप लावून तो हेडला टेकवून ठेवा. प्लग अधांतरी ठेवून किका मारल्या तर सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाऊ शकतं. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा, चोक लावू नका. हे पुष्कळ जण करत नाहीत. कार्बोरेटरची स्लाइड खाली असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? काटा चढायचा थांबेपर्यंत सलग दणक्यात किका मारा. पहिल्या किकला काटा कितीवर उडतो तेही लिहून ठेवा. पहिल्याच किकला बराच चढून मग हळूहळू पुढे सरकत असेल तर ते वेगळं दुखणं, आणि पहिल्यापासूनच रेंगाळत असेल तर वेगळं.

दुसरं, तुमचा गेज कसला आहे? गाड्यांसाठीचा लांब पाइपवाला का? त्याचा छोटा व्हॉल्व्ह कुठे आहे, प्लगच्या टोकाला की घड्याळाजवळ? हे कळवा, मग पुढचं सांगतो.

---

मायक्रॉन

कोल्हापूर, उद्यमनगर. आमचं बोअरिंग-होनिंगचंच काम आहे.

कृष्णाकाठ दादा, एक विचारतो. बोअर मारायला ब्लॉक दिलात तेव्हा पिस्टन सोबत दिला होतात का? ०.२५ चा पिस्टन म्हणजे बरोबर ५०.२५ असं कधी नसतं. प्रत्येक पिस्टनचं माप घेऊन त्याप्रमाणे बोअर ठेवावा लागतो. माप स्कर्टला घ्यायचं, खालच्या काठापासून थोडं वर, पिनच्या आडव्या दिशेने. या मापाच्या ब्लॉकला आम्ही साधारण ०.०३ मिमीच्या आसपास गॅप ठेवतो, म्हणजे एक थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) किंचित वर. पिस्टन न बघता अंदाजाने बोअर मारला की एक तर जाम होतो नाही तर ढिला राहतो.

पण ढिल्या बोअरने किक इतकी पोकळ होत नाही. पिस्टन वाजेल, ऑइल खाईल, धूर मारेल. सुरूच होत नाही असं सहसा होत नाही, कारण दाब धरायचं काम रिंगांचं असतं. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलली होती का? तोंडाची गॅप फिलर गेजने बघितली होती का? नव्या रिंगेला ०.१० ते ०.२५ हवी. अर्ध्या मिमीच्या पुढे असेल तर ती रिंग या बोअरची नाही, बहुतेक पाकिटात स्टँडर्डच्या रिंगा आल्यात.

---

कृष्णाकाठ

निदेशक सर, मायक्रॉन दादा, मनापासून आभार.

पिस्टन सोबत दिला होता. रिंगांची गॅप चुलतभावाने बघितली होती, वरची ०.२० आणि दुसरीही तेवढीच. खुणेची बाजू वर ठेवून बसवल्या, तोंडं एकमेकांपासून फिरवून ठेवली.

गेज लांब पाइपवालाच आहे, चारचाकीचा. त्याला १० मिमी आट्याचा जोड लावून वापरतोय. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नाही, घड्याळाच्या खाली आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून पुन्हा बघितलं, ७० च आहे. काटा पहिल्या किकपासून रेंगाळतो.

---

रेवती_पुणे

गेजचं हे गणित मांडून बघण्यासारखं आहे, म्हणून लिहिते.

या इंजिनाचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी. कॉम्प्रेशन रेशो ढोबळ ९:१ धरला तर पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरणारी जागा ९७.२ भागिले ८, म्हणजे जेमतेम १२ सीसी. एवढ्याशा जागेत सगळी हवा दाबायची असते.

आता गेजचा पाइप आणि जोड मिळून आत ४ सीसी जागा असेल आणि हवा अडवणारा व्हॉल्व्ह त्या पाइपच्या पलीकडे असेल, तर प्रत्येक किकला इंजिनाला ही ४ सीसीही भरावी लागते. उरणारी जागा १६ सीसी झाली, रेशो ९ वरून ७ वर आला. इंजिन ठणठणीत असलं तरी दीडशेच्या जागी शंभर-एकशेदहा दिसेल. चारचाकीच्या एका सिलिंडरला तीनशे-चारशे सीसी असतात, तिथे हीच ४ सीसी कुठल्या कुठे जिरून जाते. म्हणून तो गेज तिथे चालतो आणि इथे फसवतो.

एका सिरिंजने पाइपमध्ये पाणी भरून किती मावतं ते बघा.

दादा, याचा अर्थ तुमचं इंजिन ठीक आहे असा नाही. सत्तर हा आकडा गेजचा दोष वजा केला तरी कमीच आहे. पण कितीने कमी ते आधी कळायला हवं.

---

वऱ्हाडी_टूलकिट

भाऊ, ऑइल टाकून बघा ना. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आन् पुन्हा गेज लावायचा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. सोपं काम आहे.

---

रेवती_पुणे

@वऱ्हाडी_टूलकिट, ही पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण स्प्लेंडरवर दोन अडचणी येतात.

एक तर सिलिंडर जवळजवळ आडवा आहे. ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगेच्या वरच्या अर्ध्या भागाला लागतच नाही. दुसरी अडचण जागेची. १२ सीसीच्या जागेत ३ सीसी ऑइल टाकलं तर हवेला ९ सीसीच उरते. रेशो ९ वरून साडेअकराच्या पुढे जातो. म्हणजे रिंगा उत्तम असल्या तरी आकडा वाढणार, आणि आपण म्हणणार 'बघा, रिंगाच'. उभ्या सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात ही पद्धत खात्रीची, इथे नाही. करायचीच तर अगदी थेंबभर ऑइल, आणि किक मारून ते पसरल्यावरच गेज.

---

दिंडोरीची_बाग

थोडा बाजूचा प्रश्न विचारतो, चालेल ना? द्राक्षबागेत पॉवर वीडर आहे. इंजिन १६३ सीसीचं, होंडाच्या जीएक्स-१६० च्या धाटणीचं. रिंगा-पिस्टन बदलून झालेत. दोरी ओढली तर हलकी लागते आणि जमिनीत दात गेला की दम सोडतं. गेजवर ६० दाखवतं. यालाही हेच लागू का?

---

निवृत्त_निदेशक

@दिंडोरीची_बाग, तुमच्या इंजिनाचा ६० हा आकडा बाजूला ठेवा. या इंजिनांच्या कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेशन असतं. दोरी ओढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मुद्दाम किंचित उचलून धरला जातो, म्हणजे ओढायला हलकं जावं. इंजिनाने वेग घेतला की वजनामुळे तो तुकडा बाजूला होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो. दोरी ओढून घेतलेलं कॉम्प्रेशन त्यामुळे कमीच येणार. अशा इंजिनाला हवेचीच टेस्ट करावी लागते. आधी टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघा, थंड इंजिनावर इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी.

@कृष्णाकाठ, आता तुमची हवेची टेस्ट सांगतो. सगळ्या धाग्यातली कामाची गोष्ट ही आहे, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होते.

जुना खराब प्लग घ्या. त्याची चिनी माती फोडून आतला भाग काढून टाका, नुसती लोखंडी कूस उरली पाहिजे. तिच्यात ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी नळी ब्रेझिंग करून घ्या. झाला तुमचा जोड. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि चिनी मातीचा कणही आत राहता कामा नये.

मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. मॅग्नेट कव्हरच्या खिडकीतून 'टी' खूण जुळली पाहिजे आणि दोन्ही रॉकरला हाताने खेळ जाणवला पाहिजे. एका रॉकरला खेळ नसेल तर तुम्ही एक फेरा चुकीच्या टॉपवर आहात, क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा. गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा. टॉपपासून जरा जरी सरकला असेल तर हवा पिस्टनला ढकलते आणि चाक व किक झटक्याने फिरतात. हात-पाय लांब ठेवा.

३०-४० पीएसआय हवा पुरे. आता कान लावा. कार्बोरेटरच्या तोंडातून फुस्स येतंय तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या टोकाला येतंय तर एक्झॉस्ट. ऑइल भरायचं झाकण उघडून तिथे जोरात येतंय तर रिंगा. हेड आणि ब्लॉकच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पॅकिंग. ऑइलच्या झाकणातून थोडी सुरसुर ठणठणीत इंजिनालाही असते, तिच्याने घाबरू नका.

टेस्टच्या आधी दोन गोष्टी मात्र नक्की बघा. थंड इंजिनावर टॅपेट दोन्ही ०.०५ आहेत का, आणि कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण हेडवरच्या खाचेला जुळते का. चेन एक दात जरी इकडेतिकडे बसली तरी क्रँकच्या हिशोबाने वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो. इनलेट उशिरा मिटला की घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. असं असेल तर हवेच्या टेस्टला सगळं घट्ट दिसेल आणि गेज तरीही कमी दाखवेल. हे जोडकोडं पुष्कळांना सुटत नाही.

---

आरएक्स_रतन

टू-स्ट्रोकवाल्यांनी यातलं काय घ्यावं? माझ्याकडे आरएक्स-१०० आहे, बोअर केल्यापासून दम कमी वाटतो.

---

मायक्रॉन

@आरएक्स_रतन, तिथे व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे निम्मी कटकट कमी. बघायचं ते बोअर, रिंगा, हेडचं पॅकिंग आणि हेडची सपाटी. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा चामफर (तिरक्या घासून बोथट) करायला लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंगेचं तोंड पिस्टनमधल्या पिनेवरच बसलंय का ते खात्री करून घ्या. क्रँकची सील गेली तर गाडी नीट चालत नाही, पण गेजवरचं कॉम्प्रेशन त्याने पडत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या धरा. आणि दोन बेस पॅकिंग टाकलीत का तेही बघा, टू-स्ट्रोकला त्याने पोर्टचं टायमिंग हलतं.

---

बुलेटवेडा

चार स्ट्रोकला दोन बेस पॅकिंगने किती फरक पडतो? आमच्याकडे गळती थांबवायला सर्रास टाकतात.

---

रेवती_पुणे

अर्ध्या मिमीचं जास्तीचं पॅकिंग धरलं तर ५० मिमी बोअरला जवळपास १ सीसी जागा वाढते. रेशो ९ वरून ८.४ च्या आसपास येतो. दम थोडा कमी होईल, पण किक पोकळ होणार नाही. दुसऱ्या मॉडेलचा, पिनपासून माथा १ मिमीने बुटका पिस्टन चुकून पडला तर रेशो ८ च्या खाली जातो. तोही कृष्णाकाठ यांच्या सत्तरचा खुलासा करू शकत नाही. भूमितीने आकडा निम्मा होत नाही, त्यासाठी गळतीच लागते.

---

कृष्णाकाठ

सिरिंजने मोजलं. पाइप आणि जोड मिळून जवळपास ४ सीसी मावतं. रेवतीताई, तुमचा अंदाज तंतोतंत निघाला.

ओळखीच्या एका मेकॅनिकाकडून टोकाला व्हॉल्व्ह असलेला दुचाकीचा गेज आणला. त्यावर ९५ आलं. म्हणजे गेजचा वाटा होता, पण रोग आहेच.

टॅपेट दोन्ही ०.०५ आहेत, पुन्हा सेट करून बघितले. 'टी' खूण आणि स्प्रॉकेटची खूण दोन्ही जुळतात.

जोड करून घेतला. पंक्चरवाल्याकडे गाडी नेली, चुलतभावाने ब्रेक धरला. हवा सोडली आणि सायलेन्सरमधून स्पष्ट फुस्स! टोकाला तळहात धरला तर झोत जाणवतो. कार्बोरेटरच्या तोंडाला काहीच नाही. ऑइलच्या झाकणाला कान लावला तर बारीक सुरसुर, ती सायलेन्सरच्या पुढे काहीच नाही. साबणाच्या पाण्याला एकही बुडबुडा नाही.

म्हणजे रिंगा नाहीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. पण व्हॉल्व्ह नवा आहे, आणि लेथवाल्यांनी पेस्ट लावून घासूनही दिलाय.

---

निवृत्त_निदेशक

ब्लॉक उतरवायचा खर्च वाचला. आता फक्त हेड.

पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं होतं की गाइड नव्या ठोकल्या. त्यानंतर सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडा) कटरने कापल्या का, की नुसता व्हॉल्व्ह घासून दिला? हे लेथवाल्यांना विचारा.

हेड उतरवताना कुठला नट आणि कुठला वॉशर कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा, सगळे सारखे नसतात. उतरवल्यावर प्लग लावून हेड उलटं ठेवा आणि खोलगट भागात डिझेल भरा. पेट्रोलही चालतं, पण उघड्यावर, आणि आसपास विडी-काडी नको. दहा-पंधरा मिनिटांनी पोर्टमध्ये बोट घालून बघा. चांगली सीट थेंब सोडत नाही.

मग व्हॉल्व्ह काढा. त्याच्या ४५ अंशांच्या पट्टीवर मार्कर पेनने शाई फासा, परत घाला, दाबून पाव फेरा फिरवा आणि काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे.

---

कृष्णाकाठ

हेड उतरवलं. इनलेटला डिझेल टिकलं. एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये बघता बघता थेंब उतरायला लागले.

शाईची टेस्ट केली. व्हॉल्व्हची पट्टी जवळपास निम्म्या घेरात चकचकीत पुसली गेलीय, उरलेल्या निम्म्यात शाई जशीच्या तशी. सीटवर बघितलं तर एका बाजूला पट्टी दीड-दोन मिमी रुंद झालीय आणि समोरच्या बाजूला केसाएवढी. पेस्टने घासलेला करडा पट्टा रुंद बाजूलाच आहे.

लेथवाल्यांना विचारलं. गाइड ठोकून रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारला आणि व्हॉल्व्ह घासून दिला एवढंच ते म्हणाले. सीट कापली नव्हती.

---

मायक्रॉन

हेच दुखणं. गाइड बदलली की सीट कापावीच लागते, याला पर्याय नाही.

जुनी सीट जुन्या गाइडच्या मध्याला धरून कापलेली असते. नवी गाइड ठोकली, रीमर मारला की तिचा मध्य थोडा का होईना सरकतो किंवा कलतो. शतांश मिमीच्या हिशोबातली गोष्ट आहे, डोळ्याला दिसत नाही. पण व्हॉल्व्ह आता नव्या मध्याभोवती फिरतो आणि सीट जुन्या जागेवर आहे. डब्याचं झाकण एका बाजूला टेकून दुसऱ्या बाजूला उचललेलं राहावं, तसा व्हॉल्व्ह बसतो.

पेस्टने ते सुधारत नाही. घासणं म्हणजे शेवटचा हात. सीट आणि व्हॉल्व्ह आधीच एका मध्यात असतील तर पेस्ट दोघांची ओळख पक्की करते. मध्य चुकलेला असताना कितीही घासलं तरी जिथे टेकतंय तिथेच घासलं जातं. पट्टी रुंद होत जाते आणि समोरची फट तशीच राहते. वर नव्या व्हॉल्व्हच्या तोंडाला खळगा पडतो.

कापायची रीत अशी. गाइडमध्ये पायलट (कटरला मध्यात धरणारी दांडी) बसवून ४५ अंशांचा कटर आधी, सगळ्या घेरात स्वच्छ धातू लागेपर्यंत, त्याच्या पुढे एक फेराही नाही. मग ३२ चा वरून आणि ६० चा आतून, म्हणजे मधली पट्टी १ मिमीच्या आसपास उरते आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध येते. एक्झॉस्टची पट्टी फार बारीकही नको, कारण व्हॉल्व्हची उष्णता त्याच पट्टीतून हेडमध्ये उतरते. मग बारीक पेस्टने हलका हात आणि सगळं रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन काढायचं. पेस्टचा कण गाइडमध्ये राहिला तर नवी गाइड खाऊन टाकतो.

---

वऱ्हाडी_टूलकिट

राजेहो, हे आमच्याकडं कोणी सांगतच नाही. गाइड ठोकली, घासलं, झालं काम, असंच चालतं. इनलेटलाही कापायची का मग?

---

मायक्रॉन

गाइड दोन्ही बदलल्यात ना, मग दोन्ही कापायच्या. इनलेटला आज डिझेल टिकलं म्हणून सोडू नका. त्याची शाईही बघा, निम्म्या घेरात पुसट असेल तर काही महिन्यांत तोही गळेल. हेड एकदा उतरलंय तर दोन्ही करून घ्यावं.

कृष्णाकाठ दादा, लेथवाल्यांशी भांडू नका, पण काम सांगताना 'सीट कटरने कापून शाई दाखवा' असं म्हणा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो.

---

निवृत्त_निदेशक

जोडताना एक लक्षात ठेवा. सीट कापली की व्हॉल्व्ह किंचित आत बसतो, त्याचं टोक रॉकरकडे वर येतं आणि टॅपेट आपोआप घट्ट होतं. जुनं सेटिंग ठेवून किक मारलीत तर व्हॉल्व्ह उघडाच राहील आणि पुन्हा तोच आकडा दिसेल. टॅपेटचे स्क्रू ढिले करूनच हेड बसवा आणि शेवटी ०.०५ ला सेट करा.

हेडचं पॅकिंग नवंच. बसवायच्या आधी ऑइल वर जाणारी वाट पॅकिंगने झाकली जात नाही ना ते धरून बघा. नट तिरके-तिरके, थोडे-थोडे करत टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला. प्लग लावायच्या आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग बघा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकला तर सगळं पहिल्यापासून.

---

कृष्णाकाठ

दुसऱ्या लेथवर दोन्ही सीट कापून घेतल्या. इनलेटची शाईसुद्धा एका बाजूला पुसट होती, मायक्रॉन दादांनी सांगितलं तसंच. आता दोन्ही व्हॉल्व्हना पट्टी सगळ्या घेरात सारखी. डिझेल भरून चहा पिऊन आलो, दोन्ही पोर्ट कोरडे ठाक.

जोडणी झाली. टॅपेट खरोखर घट्ट झाले होते, एक्झॉस्टला तर खेळच उरला नव्हता. ०.०५ ला सेट केले. त्याच गेजवर आता १४५! पहिल्या किकलाच काटा निम्म्याच्या वर उडतो. किकला पाय उलटा ढकलला जातोय. चोक लावून दुसऱ्या किकला सुरू झाली, स्लोवर संथ चालते, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा लावली तरी पहिल्या किकला घेते.

आता रिंगा बसवायला गाडी कशी चालवू? ब्लॉकला हात लागला नाही याचं मोठं समाधान आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

बुलेटवेडा

अभिनंदन! सांभाळून चालवा, पहिले काही शे किमी ४० च्या पुढे नको.

---

निवृत्त_निदेशक

अभिनंदन. चालवण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रिंग बोअरवर दाबली जाते ती वरच्या दाबानेच. तो गॅस रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीकडे ढकलतो. त्यामुळे अगदी रखडत चालवली तर रिंगा बसायला वेळ लागतो आणि होनिंगच्या रेषा तशाच गुळगुळीत होऊन जातात. फार ताणू नका, डबल सीट घाट नको, एकाच वेगाने लांब पल्ला नको. पण मधूनमधून ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे द्या, वेग घेऊ द्या आणि मग सोडून इंजिनावर उतरू द्या. स्लोवर उभी ठेवून तापवू नका, हवेवर थंड होणारं इंजिन आहे.

पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात होनिंगचा बारीक चुरा असतो. साधं मिनरल ऑइल पुरे. त्याच वेळी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा बघा, नव्या सीट थोड्या बसतात.

---

दिंडोरीची_बाग

सर, वीडरला तुम्ही सांगितलेली हवेची टेस्ट केली. हवा कुठूनच जोरात जात नाही, तिन्ही ठिकाणी शांत. टॅपेटही मापात आहेत. म्हणजे कॉम्प्रेशन ठीक समजायचं ना? मग दम का सोडतो? एअर फिल्टर उघडला तर स्पंज मातीने आणि ऑइलने भरून काळाकुट्ट झालाय.

---

निवृत्त_निदेशक

कॉम्प्रेशन ठीकच आहे, आतलं काही खोलू नका. स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळा, पण मुरगळू नका, फाटतो. सावलीत पूर्ण वाळला की स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून नीट पिळून काढा. ऑइल निथळत राहिलं तर कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन धूर मारतं. फिल्टरच्या घराच्या आतली मातीही पुसून घ्या. मग जमिनीत चालवून बघा आणि तरी दम सोडला तर कार्बोरेटरचा मेन जेट आणि गव्हर्नरची स्प्रिंग बघू. बागेत छाटणीनंतरची धूळ असेल तेव्हा हा स्पंज रोज बघावा लागतो.